दुसऱ्या बाजूची कमान

कावळा शिवेना.

ऊन चढलं, गुरुजी सारखे घड्याळ बघायला लागले, महेश पिंडासमोर हात जोडून अवघडून गेला. पलीकडच्या बाभळीवर कावळ्यांनी नुसती जत्रा भरवलेली, पण एक खाली उतरेल तर शपथ. खोटं कशाला बोलू, मला आतून हसू येत होतं. जिवंतपणी रुसून बसलात की ताटावर आणायला अख्ख्या घरानं नाकदुऱ्या काढायच्या. मेल्यावरही तेच.

एकेकानं सांगून बघितलं. आपला महेश म्हणाला, "आप्पा, आईला मी सांभाळीन, काळजी करू नका." कावळे ढिम्म. माझा भाऊ म्हणाला, "दाजी, झालं गेलं इसरलो." एक कावळा उडाला खरा, पण उलट्या बाजूला, रेल्वेच्या पुलाकडं गेला. मग तुमच्या आक्का उठल्या. तुमची थोरली बहीण, न्हावऱ्याहून दहा जणांचा आवाज एकटीच्या गळ्यात घेऊन आलेली. त्यांनी मला दंडाला धरून पुढं ओढलं.

"सुमे, तू म्हण. माफ केलं म्हण. त्याचा जीव तुझ्यापाशी अडकलाय."

"न्हाई म्हणणार मी."

"आगं, मेलाय त्यो!"

"मेला म्हणून खोटं बोलू व्हय?"

भीमेच्या काठावर एवढी माणसं जमलेली. आक्कांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड बडवलं आणि तुम्ही गेल्यापासून स्वयंपाकघरात जे कुजबुजत होत्या ते मोठ्यांदा बोलल्या. "तूच मारलंस माझ्या भावाला! घर सोडून भावाकडं जाऊन बसलीस. तू जाग्यावर असतीस तर गाडी अंगावर आलीच नसती त्याच्या!" मी त्यांचा हात झटकला. आणखी एक शब्द बोलल्या असत्या तर तिथंच, पिंडासमोर, आमची जुंपली असती. तुमच्या घरात एवढी वर्षं काढली, थोडं फार तर माझ्याही अंगात उतरलं असणारच.

तेवढ्यात मागून नाना गार्ड पुढं आले. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, दहाव्यालाही इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. ज्यांच्या फियाटखाली तुम्ही गेलात ते. हळूच म्हणाले, "वहिनी, गाडीच्या दुसऱ्या बाजूचं त्याचं काम ऱ्हायलंय. ते तर नसंल मनात?"

मी बाभळीकडं तोंड केलं आणि ओरडूनच बोलले. "चाकावरची कमान पुरी करीन! तुमच्यासारखीच करीन, पुट्टी भरणार न्हाई! उतरा आता खाली, पोराला उन्हात किती ताटकळत ठेवताय!"

आणि उतरलात. सरळ आलात, भाताला चोच मारलीत आणि गेलात. लोकांनी हुश्श केलं. आक्का रडायला लागल्या. मी तिथंच उभी राहून रागानं लाल झाले. माफी नको होती तुम्हाला. पत्रा हवा होता.

आक्का आता गावभर जी गोष्ट सांगतायत त्यात मी अर्ध्यातून येते, वडगाव रासाईला माहेरी बसलेली. त्याच्या आधीचं त्यांना ठाऊक नाही. म्हणून ते तुमच्याच कानावर घालते. ऐकून घ्या. मध्ये बोलायची सोय आता तुम्हाला नाही, हे एक बरं झालं.

शिरूरला आपलं गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे, आणि बाजूला ताडपत्री. तुमचं काम पत्र्याचं. चेपलेली मडगार्डं, सडलेले तळ, गंजून जाळी झालेली दारं. तालुक्यात तुमच्यासारखा हात नाही असं लोक म्हणायचे, आणि तुमच्यासारखं तोंड नाही असंही म्हणायचे. हाताखाली माणूस टिकायचा नाही. काम चुकलं की तुम्ही हातातलं असेल ते फेकायचात. एकाच्या पाठीत पाना बसला, एकाच्या डोक्यावरून छिन्नी गेली. शेवटचा गडी हातातला ठोकळा तिथंच टाकून स्टँडकडं जो पळाला तो थेट गावाला. गिऱ्हाईक बाकड्यावर बसलेलं, जीपचं मडगार्ड अर्धं ठोकलेलं. तुम्ही घराच्या दारात येऊन उभे राहिलात.

"चल."

"कुठं?"

"आत बसायचंय."

पत्रा ठोकायला दोन माणसं लागतात हे मला त्या दिवशी कळलं. एक बाहेरून हातोडी मारणार, दुसरा आतून त्याच जागेवर लोखंडी ठोकळा दाबून धरणार. ठोकळा नसला की पत्रा सरळ होत नाही, नुसता इकडून तिकडं पोचे खातो. चाक काढलेलं, त्या पोकळीत पोतं टाकून मी पदर खोचून बसले. माझ्या बापाची मेंढरं होती. लोकर कातरताना मेंढी गुडघ्यात दाबून धरायची मला सवय, म्हटलं, हे काय अवघड. पहिला घाव बसला आणि दाताच्या मुळापर्यंत कळ गेली. कानात आगगाडी शिरली. मी किंचाळले ते मलाही ऐकू आलं नाही.

मग तुम्ही ती रीत घालून दिलीत. हातोडीच्या दांड्यानं बाहेरून टक टक. म्हणजे, हात आहे का? मी आतून ठोकळ्यानं टक टक. म्हणजे, आहे, हाणा. गंजलेला पत्रा कागदासारखा असतो, ठोकळा बोटभर सरकला की हातोडी पत्र्यासकट बोटांवर यायची. जागा बदलली की तुम्ही विचारायचात. माझं उत्तर आल्याशिवाय कधी घाव घातला नाहीत. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असो, वेल्डिंगच्या कार्बाइडचा गॅस संपत आलेला असो, सकाळी आपलं घरात कडाक्याचं वाजलेलं असो. टक टक. आणि थांबणार.

हळूहळू माझा हात शहाणा झाला. घाव पडला की तळहाताला समजायचं पत्रा चांगला आहे की सडलेला. चांगला असला की घाव ठोकळ्यावरून उसळून जायचा. सडका असला की तिथंच जिरायचा. तुम्ही बाहेरून ओरडायचात, "काय म्हणतोय?" मी म्हणायची, "खाल्लंय, अजून वर कापा." आणि तुम्ही कापायचात. लोक हसायचे. बायको मडगार्डात कोंबून ठोकतोय म्हणायचे. तुम्ही त्यांना सांगायचात, "निम्मं काम तिचं हाय. माझ्या डोळ्याला दिसत न्हाई ते तिच्या हाताला दिसतं." माझ्या माहेरी, सासरी, शाळेत, कुठंच कुणी माझ्याबद्दल असं बोललेलं नव्हतं. संध्याकाळी माझे हात बधिर व्हायचे, चमचा धरता यायचा नाही. तुम्ही घमेल्यात गरम पाणी घेऊन माझी बोटं एकेक करून चोळायचात, मोहरीचं तेल लावायचात. हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर फार सोपं झालं असतं.

आणि तो वाळूचा ट्रकवाला. आठवतोय का? मी आत बसलेली, माझे पाय तेवढे बाहेर. "बाई ठेवलीय व्हय आत? बघू तरी," म्हणाला आणि वाकून माझा घोटा धरून ओढलं. मी ठोकळ्यासकट फरफटत बाहेर आले, पाठ सगळी खरवडली. तोंडातून शब्द फुटायच्या आत तुमच्या हातोडीचा दांडा त्याच्या जबड्यावर बसला होता. मोडल्याचा आवाज आला. तो खाली पडला, तुम्ही त्याच्या छातीवर बसलात आणि मारतच राहिलात. चार माणसांनी ओढलं तुम्हाला. मागाहून मी झाडायला घेतलं तर पत्र्याच्या कातरणीत त्याचा दात होता. सुपलीत भरून टाकून दिला.

मला त्या दिवशी तुमचा अभिमान वाटला होता. आजही वाटतो, काय करू?

पोलीस ठाणं झालं, जागामालकानं आपलं सामान रस्त्यावर काढलं, आणि आपण दौंडला आलो, रुळांच्या कडेच्या त्या शेडमध्ये. पण त्याच्याही आधी, शिरूरच्याच खोलीत, ज्या हातानं माझ्यासाठी जबडा मोडला त्याच हातानं तुम्ही मला कानफटलंत. कशावरून, तर भाकरी करपली म्हणून. मी भिंतीवर आदळले. कानात त्या पहिल्या घावासारखंच वाजलं, फक्त यावेळी आधी कुणी टक टक केलं नव्हतं.

ती पहिली वेळ नव्हती आणि शेवटची तर अजिबात नव्हती. ताट भिरकावलंत. कपाटाचा आरसा फोडलात. महेश मध्ये पडला तर त्याला उचलून दाराबाहेर टाकलंत. आणि दरवेळी सगळं निवल्यावर तोच पाढा, "राग आला की हात माझा ऱ्हात न्हाई गं. काय झालं ते कळतच न्हाई मला." मग स्टेशनवरून गरम भजी आणायचात, पुडी माझ्यासमोर ठेवायचात आणि भिंतीकडं बघत बसायचात. चुकलो हा शब्द तुमच्या तोंडातून कधी निघाला नाही. भजी मात्र भरपूर खाल्ली मी.

"पोलिसापुढं कसा ऱ्हातो ताब्यात?" मी एकदा विचारलं होतं.

"ते येगळं."

"नाना गार्ड आले की कसा ऱ्हातो?"

"सुमे, तुला न्हाई कळायचं. अंगातनं वीज जाती. हात आपोआप उठतो. माझा नसतोच त्यो."

हे भांडण आपण इतक्यांदा भांडलो की तुमचं वाक्य संपायच्या आत माझं सुरू व्हायचं. जिंकलं कुणीच नाही. आणि खरं सांगायचं तर आतून मला तुमचं पटायचं. मी माझ्या भावाला, शेजारणीला हेच सांगायची. मनानं वाईट नाहीत हो, पण राग आला की त्यांचा हात त्यांचा राहत नाही. तुमची वकिली मीच करत फिरले.

मग नानांची ती डुक्कर फियाट आली. गोल पाठीची, फुगीर गालांची, काळी कुळकुळीत. नाना तिला नातवासारखं पुसायचे. वरून नवरी, पण मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानींना रंगाखाली फोड आलेले. आतल्या घडीत वर्षानुवर्षांचा चिखल बसलेला, त्यात पाणी मुरलेलं. तुम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलंत आणि तो मुठीपर्यंत आत गेला. नानांचा चेहरा असा झाला जसा तो त्यांच्याच पोटात गेला.

"कुणी केलंय हे आधी?" तुम्ही विचारलंत आणि छिन्नी घातलीत. आतून निघालं काय, तर पोत्याचे तुकडे, वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग. कुण्या हरामखोरानं गंजाला झाकून वर चकाकी आणलेली. तुम्ही तो बोळा माझ्या नाकासमोर धरलात. "असला माणूस मिळाला ना, तर त्याला ह्याच कमानीत बसवून वरनं वेल्डिंग मारीन!" मग त्या गाडीवर जे तुटून पडलात! घाव, घाव आणि घाव. गंजाच्या खपल्या माझ्या केसांत, डोळ्यांत, पदरात. चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापत गेलात. तुमच्या रागाला एवढ्या वर्षांत मिळालेली एकच बरी जागा म्हणजे सडका पत्रा. तिथं तो शोभायचा.

डावी बाजू झाली. खोक्याच्या पुठ्ठ्यावर माप घेतलं, नवा पत्रा रुळाच्या तुकड्यावर वाकवला, वेल्डिंगचे टाके मारले, मग आपण दोघांनी ठोकला. टक टक. टक टक. घाव. शेवटी तुम्ही डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवलात आणि मला म्हणालात, "सांग बरं, जोड कुठाय?" मलाही सापडला नाही. नानांनी पेढे आणले. तो दिवस आपला होता, दोघांचा. तसा दिवस मिळाला याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि हे बोलतानाही दात ओठ खातेय.

उजव्या बाजूला जॅक लावायचा होता. मी कमानीतून हात घालून दाराखालचा पत्रा ठोकळ्यानं वाजवला. भद्द. सगळा पोकळ.

"हितं जॅक नका लावू," मी म्हटलं. "खाल्लंय."

"चांगलाय. वरनं बघ की, रंग तरी उडालाय का?"

"वरनं काय बघू? हात सांगतोय माझा."

नाना मध्येच बोलले. बिचारे सरळपणानं म्हणाले, "वहिनी म्हणत्यात तर बघ की बाबा एकदा." बस. दुसऱ्या पुरुषासमोर, गिऱ्हाईकासमोर, तुमच्या कामात बायको बरोबर निघत होती. मी कमानीतून तोंड बाहेर काढलं आणि तुमचा उलटा हात माझ्या तोंडावर बसला. शेजारीच कापलेल्या पत्र्याची धार होती, तोंड तिच्यावर आपटलं. ओठ मधोमध चिरला. रेड ऑक्साइड लावलेल्या मडगार्डावर माझं रक्त पडलं आणि दिसलंसुद्धा नाही, रंग तोच.

"अरे, अरे," नाना म्हणाले. तुम्ही नेहमीसारखे स्वतःच्या हाताकडं बघत राहिलात, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

मी बाहेर आले. ओठाला पदर लावला. ठोकळा पिशवीत टाकला आणि जी जीप मिळाली तिनं वडगावला गेले. ओठाला टाके पडले. भाऊ वहिनीला एवढंच म्हणाला, "हिची खाट आत टाक."

एकदा आलात तुम्ही. भावाच्या कांद्याच्या बांधावर उभे राहिलात, अंगणात आला नाहीत. मला वाटलं, आज निघतोय शब्द. तुम्ही माझ्या ओठाकडं बघितलंत, पटकन नजर काढलीत आणि म्हणालात, "ठोकळा दे."

"एवढ्यासाठी आलात?"

"काम अडलंय."

"चुकलो म्हणा. ठोकळाबी देते आन् मीबी येते. आत्ता, ह्याच पावली."

तुमचे ओठ हलले. मी शप्पथ सांगते, हलले. मग कपाळाची ती शीर तटतटली, तुम्ही बांधावरचा दगड उचलला आणि भावाची पाण्याची घागर फोडलीत. पाणी माझ्या पायापर्यंत आलं. पाठ फिरवून चालायला लागलात. तुम्हाला मी असं पाठमोरंच शेवटचं बघितलं. काय म्हणणार होतात? एवढं एक सांगून जायचं होतं. घागर काय, चार आणल्या असत्या.

पुढचं मला नानांनी सांगितलं. तुम्ही एकट्यानंच उजवी बाजू काढायला घेतलीत. जॅक लावलात तिथंच, मी नको म्हटलेल्या जागी. चाक काढलंत, आत शिरलात आणि ठोकळ्याऐवजी दगड आतल्या हातानं दाबायचा, बाहेरच्या हातानं मारायचं असलं काहीतरी चालवलंत. हिसका बसला. जॅकचं डोकं सडका पत्रा फाडून वर गेलं आणि अख्खी गाडी तुमच्या छातीवर. रेल्वे यार्डातली माणसं पळत आली, त्यांनी हातांनी उचलली. नाना म्हणाले, बोलायचा प्रयत्न करत होता. मी विचारलं नाही काय ते. त्यांनी सांगितलं नाही.

आक्का म्हणतात मी जागेवर असते तर तुम्ही वाचला असतात. अहो, जागेवरच होते मी! जागेवर बसूनच सांगितलं होतं! त्याचंच बक्षीस म्हणून टाके पडले ना मला? हा दोष मी अंगाला लावून घेणार नाही. तुमच्यासाठी नाही, आक्कांसाठी नाही, बाभळीवरच्या साऱ्या कावळ्यांसाठी नाही.

पण कमान करीन म्हटलं होतं. तेराव्यानंतर पाव्हणे पांगले आणि मी शेडचं कुलूप काढलं. नानांनी गाडीखाली रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर घालून ठेवलेले. काम होईपर्यंत ते शेडमध्ये पाऊल टाकायला तयार नव्हते. म्हणाले, "मला तिच्याकडं बघवत न्हाई, वहिनी. पण अशी अर्धवटबी नको." मी छिन्नी घेतली आणि दाराखालचा तो पत्रा आधी फाडून काढला. ज्यानं तुम्हाला फसवलं तो. माझ्या बोटांनी त्याचा भुगा झाला. मी त्याला शिव्या दिल्या, मग तुम्हाला दिल्या, मग रडले, मग परत छिन्नी उचलली. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं दाराखालचा आणि कमानीचा नवा पत्रा बसवून टाके मारून दिले. राहिलं ठोकायचं. त्याला दुसरं माणूस लागणार, आणि महेश तर सणसवाडीला कंपनीत, पहिल्या पाळीला.

तेव्हा आक्का आल्या. दारातच कमरेवर हात. "करतीयस का न्हाई बघाया आले. काठावर येवढ्या मोठ्यांदा बोललीस."

"करतीय. आतून धरायला कुणी न्हाई."

"मी धरते. माझ्या भावाचं काम हाय. त्यात तुझे उपकार नकोत मला."

एवढं मोठं शरीर, पण शिरल्या आत. पोत्यावर बसल्या. मी ठोकळा हातात दिला, कसा दाबायचा ते दाखवलं, टक टक समजावलं. मग हातोडी घेऊन बाहेर आले, आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या बाजूला उभी राहिले.

बाहेरून काही दिसत नाही हो.

हे मला माहीतच नव्हतं. मला आपलं वाटायचं, तुम्हाला कुठल्यातरी फटीतून माझा हात दिसत असणार, त्याशिवाय एवढी वर्षं एक बोट ठेचलं नाही ते कसं? काही दिसत नाही. नुसता पत्रा. पलीकडं कुणीतरी आहे यावर विसंबून मारायचं.

आणि माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं सांगू? तूच मारलंस माझ्या भावाला. सगळा भीमेचा काठ ऐकत होता. ती बाई आता पत्र्याच्या पलीकडं होती आणि माझ्या हातात तुमची हातोडी. माझ्या अंगातून तुम्ही म्हणायचात ती वीज चाललेली, खरीच चाललेली, खांद्यापासून मनगटापर्यंत. एक घाव बोटभर बाजूला, बस. म्हातारीची पाची बोटं पत्र्याला चिकटली असती आणि कुणी मला बोल लावला नसता. नवखी बाई, चुकली म्हणाले असते.

मी दांड्यानं वाजवलं. टक टक.

आतून काही नाही. आक्का विसरल्या होत्या की मुद्दाम गप्प होत्या, देव जाणे. मी हातोडी उचललेली तशीच धरून उभी. दंड भरून आला. घाम डोळ्यांत गेला. राग तर तसूभरही कमी झालेला नव्हता. आणि मी थांबले.

बऱ्याच वेळानं आतून आलं. टक. मग टक.

घाव घातला. मग पुढची जागा. विचारलं, थांबले, मारलं. दुपार सरेपर्यंत मी त्या कमानीवर जीव खाऊन हाणलं. जेवढा म्हणून राग होता, तुमचा, आक्कांचा, त्या ट्रकवाल्याचा, सगळा त्या पत्र्यात उतरवला. आणि आक्कांच्या बोटाला नख लागलं नाही.

त्या रांगत बाहेर आल्या. बोटं चेहऱ्यासमोर धरून, एकेक वळवून बघितली.

"त्योबी असंच इचारायचा?"

"व्हय."

"दर जाग्याला?"

"दर जाग्याला. राग असला तरी. येवढ्या वर्सांत माझं एक बोट ठेचलं न्हाई त्यांनी."

आक्का पोत्यावर टेकल्या. मग वर बघितलं त्यांनी, माझ्या ओठाकडं. इतके दिवस बघायचं टाळत होत्या. "आन् मग हे..." म्हणाल्या. मी घमेल्यात गरम पाणी आणलं, त्यांचे हात त्यात धरले आणि बोटं चोळून दिली, तुम्ही चोळायचात तशी. माफ कर म्हण असं त्या परत म्हणाल्या नाहीत.

गाडी नाना घेऊन गेले. उजवीकडचा जोड मला सापडतो. तुमच्याएवढा हात नाही माझा. पण पुट्टी नाही भरली, पत्रा आहे आणि आतून डांबर लावलंय. शब्द पाळला मी. घर सुनं सुनं वाटतं, खोटं कशाला बोलू. कुणी आदळआपट करत नाही, कुणी ताट भिरकावत नाही, आणि मी संध्याकाळी कारण नसताना दाराकडं बघते. तुमची आठवण येते. मारल्याचीही येते आणि तेल लावल्याचीही, दोन्ही एकाच वेळी येतात, वेगळ्या काढता येत नाहीत.

पण आपलं ते भांडण आता संपलंय आणि मी जिंकलेय. वीज अंगात असताना, हातात हातोडी असताना, जिचा राग येतो ती समोर असताना, थांबता येतं. मी थांबून बघितलं. तुम्ही तर दर जागेला थांबायचात, आणि तेही न दिसणाऱ्या हातासाठी. माझं तोंड तुम्हाला दिसत होतं.

हात तुमचाच होता. सगळ्या वेळी तुमचाच होता.

आता या, आणि न्हाई म्हणा.